६५ मिलिमीटर आणि १०४ मायक्रोसेकंद

पोस्ट लांब आहे आणि थोडी तांत्रिकही. पण विषय आपल्या नुकसानभरपाईचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

गेल्या वर्षी सप्टेंबरात एका रात्रीत ओढ्याचं पाणी आमच्या शिवारातल्या सोयाबीनमध्ये घुसलं. अतिवृष्टीचा निकष आता पोराटोरांनाही पाठ आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस. मंडळाचा पर्जन्यमापक आमच्यापासून बारा किलोमीटरवर. तिथं नोंद झाली ४१. गाव यादीबाहेर. मी बातमी ठोकली, ‘आकडा खोटा, शेतकऱ्यांचा आरोप’. दुसऱ्या दिवशी एका अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, "मग खरा आकडा किती? तुमच्याकडे आहे?"

माझ्याकडे काहीच नव्हतं. पत्रकारितेच्या पदविकेत आकडा छापायला शिकवतात, तो तयार कसा होतो ते नाही.

म्हणून यंदा उन्हाळ्यात पॉलिटेक्निकला असलेल्या भाच्याला घेऊन स्वतःच पर्जन्यमापक करायला बसलो. तत्त्व सोपं आहे. नरसाळ्याखाली दोन कप्प्यांचं सी-सॉसारखं भांडं. ०.२ मिलिमीटर पाऊस साठला की ते एका बाजूला कलंडतं आणि एक नोंद होते. म्हणजे ६५ मिलिमीटरला ३२५ कलंड्या. मोजायला एटीटायनी८५ नावाची आठ पायांची चिप. मोजलेला आकडा घरातल्या जुन्या लॅपटॉपला पाठवायचा. इथं घोडं अडलं. या चिपमध्ये सिरीयल पोर्टच नाही.

"मामा, रेडीमेड लायब्ररी मिळते की," भाचा म्हणाला. म्हटलं, नको. उद्या कुणी विचारलं की आकडा मधे बदलला नाही कशावरून, तर मला उत्तर देता आलं पाहिजे. आपण लिहू.

ही गंमत समजून घ्या. दोन्ही बाजूंना वेळ सांगणारी वेगळी तार नसते. वेग आधी ठरवायचा, आम्ही ९६०० ठरवला. म्हणजे एका बिटाला साधारण १०४ मायक्रोसेकंद. एरवी तार ‘वर’ असते. ती १०४ मायक्रोसेकंद खाली आणायची, ही झाली सुरुवातीची खूण. मग अक्षराचे आठ बिट, सगळ्यात लहान किमतीचा आधी. शेवटी तार पुन्हा वर. घेणारा सुरुवातीची खूण दिसली की आपलं घड्याळ लावतो आणि प्रत्येक बिट त्याच्या मधोमध वाचतो. काठावर वाचलं तर चुकण्याची भीती. चिपचं घड्याळ आठ मेगाहर्ट्झचं. टायमरला आठाने भागलं की एक टिक म्हणजे एक मायक्रोसेकंद. १०४ टिक मोजा, तार हलवा. जेमतेम चाळीस ओळींचा कोड.

चालवला, तर लॅपटॉपवर नुसता कचरा. दोन रात्री कोडमध्ये चूक शोधली. कोड बरोबर होता, घड्याळ चुकीचं होतं. या चिपचं आतलं घड्याळ कारखान्यातून दहा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतं, आणि तापमान, व्होल्टेजनुसारही सरकतं. सहा टक्के फरक असला तरी दहाव्या बिटाला अर्ध्या बिटापेक्षा जास्त घसरण होते. पाठवणारा खोटं बोलत नसतो, घेणारा बहिरा नसतो, तरी निरोप चुकतो. मग ‘यू’ हे अक्षर सारखं पाठवत राहिलो. त्यात तार एकाआड एक वर-खाली होते, त्यामुळे वेग मोजता येतो. तो बघत घड्याळाचं रजिस्टर जुळवलं.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. अक्षर पाठवतानाच भांडं कलंडलं तर मोजणीचा इंटरप्ट मधे घुसायचा, बिट लांबायचा, अक्षर बिघडायचं. इंटरप्ट बंद ठेवले तर? पूर्ण ओळ जाईपर्यंत नाही, फक्त एका अक्षरापुरते, म्हणजे सुमारे एक मिलिसेकंद. तेवढ्यात आलेली नोंद चिप लक्षात ठेवते आणि नंतर मोजते. भाच्याला हे क्षुल्लक वाटलं. मी म्हटलं, बाबा, ३२५ आणि ३२६ यांत गावाची यादी आहे.

जुलैत एका रात्री आमच्या यंत्राने ८०.४ दाखवले, मंडळाचा आकडा ५२. या वेळी ‘खोटा’ हा शब्द मी लिहिला नाही. कारण बारा किलोमीटरवर पाऊस वेगळा पडू शकतो, आणि माझं यंत्र काही सरकारी नाही. साहेबांनी तसं सांगितलंही, ते बरोबरच आहे. पण आता माझे प्रश्न बदललेत. यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली? आजूबाजूला झाडं, भिंती किती जवळ आहेत? तासागणिक नोंदी आहेत का? निरोप मधे तुटला तर तिथं शून्य धरतात की ‘नोंद नाही’ लिहितात? चारही प्रश्न माहिती अधिकारात टाकलेत. उत्तर आलं की इथंच टाकेन.

‘आकडा खोटा’ म्हटलं की साहेब फाईल मिटतात. ‘आकडा कसा आला’ विचारलं की ती उघडावी लागते. तुमच्या मंडळाचा पर्जन्यमापक कुठं आहे, एकदा जाऊन बघून या. फोटो काढा. पाऊस उघडीप देईल तेव्हा जा, पण जा.