मित्र गाव सोडतो तेव्हा

मूल जाणतं होण्याची कथा वाचताना समीक्षक मुलाच्या मनाचा तपशीलवार विचार करतो आणि स्थळाला ‘वातावरणनिर्मिती’च्या खात्यात टाकून मोकळा होतो. ही वाटणी मला मान्य नाही. जाणतं होणं म्हणजे आपलं जग कोण चालवतं, आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, याचा पहिला अंदाज येणं. हा अंदाज मुलाला राहत्या जागेच्या रोजच्या रीतीतून येतो. त्यामुळे स्थळ बदललं की कथेचा भाव बदलतोच, शिवाय मुलाला शेवटी जे कळतं तेही बदलतं.

हे तपासण्यासाठी एकच कथानक घेऊ. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा जिवलग मित्र गाव सोडून जातो. आता ही कथा भीमेच्या दोन्ही अंगांना, दौंड आणि शिरूर तालुक्यांत, तीन ठिकाणी ठेवून पाहू. पहिलं ठिकाण दौंडची रेल्वे वसाहत. इथे मित्र जातो तो वडिलांच्या बदलीमुळे. बदलीला हुकूम असतो, तारीख असते, निरोपाला फलाट असतो. दुःख आहे, पण त्याला शिस्त आहे. मुलाला कळते ती माणसांना हलवणारी सरकारी व्यवस्था. दुसरं ठिकाण ऊसपट्ट्यातल्या एखाद्या गावाबाहेरच्या कोप्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि हंगाम संपला की गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. इथला मित्र पुढच्या वर्षी येईलही. पण त्याच्या आईबापांनी उचल कोणत्या मुकादमाकडून घेतली, टोळी कोणत्या कारखान्याला लागली, यावर ते ठरणार. म्हणजे या कथेत वाट पाहणं आहे, आणि त्या वाट पाहण्याच्या पोटात कर्ज आहे. मागे राहणारा मुलगा बागायतदाराचा असेल आणि त्याला हे उमगलं, की आपल्याच शेतातल्या उसाकडे तो पूर्वीसारखा पाहू शकत नाही. तिसरं ठिकाण शिरूर तालुक्यातली रांजणगाव एमआयडीसी आणि तिच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या भाड्याच्या खोल्या. बापाचं कंत्राट संपलं आणि खोली रिकामी झाली. हुकूम नाही, हंगामही नाही. कुणाला विचारावं हेच मुलाला समजत नाही. घटना तीच, पण पहिल्या कथेचा सूर निरोपाचा, दुसरीचा अपराधाचा आणि तिसरीचा गोंधळाचा.

मराठीतल्या चांगल्या लेखनाने हे ओळखलेलं आहे. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधला लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. तिथली कानडी वळणाची मराठी आणि आईवडिलांच्या गावापासूनचं अंतर बाजूला काढलं तर त्याच्या हुरहुरीला आधारच उरत नाही. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ कादंबरीत आणीबाणीच्या काळातली नववीतली मुलं एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमतात. घर आणि शाळा दोन्हींच्या नजरेबाहेरची ती जागा नसती, तर ती मुलं एकमेकांशी तसं बोललीच नसती.

यावर पहिला आक्षेप असा, की दुःख सगळीकडे सारखंच असतं. मित्र गमावलेलं मूल दौंडचं असो की दुसऱ्या कुठल्या गावचं, रडतं तसंच. हे खरं आहे. पण रडणं ही कथेची सुरुवात झाली. कथा पुढे सरकते ती ‘हे का झालं?’ या प्रश्नाने, आणि त्याचं उत्तर स्थळाच्या ताब्यात असतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लंपनचं गाव तर निनावी आहे, मग स्थळाच्या नेमकेपणाचा एवढा आग्रह कशाला? पण गावाचं नाव सांगणं वेगळं आणि गाव कथेत असणं वेगळं. उलट, अनेक ग्रामीण कथांत नदी, देऊळ, जत्रा, बोली असं सगळं नावानिशी हजर असतं, तरी कोणत्याही पात्राचा निर्णय त्यामुळे बदलत नाही. माझी कसोटी साधी आहे: तपशील काढून पाहावा. कथेतल्या कुणाचंही काहीच अडलं नाही, तर तो तपशील शोभेचा होता.

तिसरा आक्षेप आजचा आहे. मोबाइल आल्यावर मित्र दूर जातोच कुठे? फोनने संपर्क दिला हे मान्य, पण हंगाम, कंत्राट आणि बदली यांचे निर्णय फोनवरच्या मुलांच्या हाती आले नाहीत. उलट, नंबर असूनही फोन न येणं ही नव्या कथेतली नवी वेदना आहे. शिवाय जागाही बदलत राहतात. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे आणि तेवढा वेळ गाडी थांबे. कॉर्ड लाइन झाल्यावर काही गाड्या जंक्शनात न शिरताच वळू लागल्या. ज्या फलाटावर एका पिढीने थांबलेलं जग पाहिलं, तिथून पुढच्या पिढीला बाजूने निघून जाणारं जग दिसेल. दौंडची आजची कथा म्हणूनच वीस वर्षांपूर्वीच्या आठवणींवर लिहून चालणार नाही.

अर्धं गाव, अर्धी वसाहत अशा या पट्ट्यातलं बालपण मराठी कथेत माझ्या वाचनात तरी फार कमी आलं आहे. ते लिहू पाहणाऱ्याने आभाळ आणि नदीच्या वर्णनाआधी एक गोष्ट नक्की करावी: इथे कोण राहणार आणि कोण जाणार हे ठरवतं कोण, आणि त्यातलं किती त्या मुलापर्यंत पोचतं. एवढं नक्की झालं की नदीचं वर्णन कुठे हवं आणि कुठे नको, हेही लेखकाला कळेल.