संपातीचे पंख

उड्डाणाविषयी लिहिताना मराठी लेखणी 'झेप', 'भरारी', 'गगनाला गवसणी' अशा शब्दांकडे आपोआप वळते. या शब्दांत आवेश आहे, वेग आहे. रात्र मात्र कुठेही नाही. सूर्यशक्तीवर उडणाऱ्या विमानाची हकीकत वाचताना ही उणीव आम्हांला प्रथम जाणवली.

'सोलर इम्पल्स २' हे विमान ९ मार्च २०१५ रोजी अबुधाबीहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. मस्कतहून अरबी समुद्र ओलांडून १० मार्चच्या रात्री ते अहमदाबादेस उतरले आणि पुढे वाराणसीमार्गे म्यानमारकडे गेले. डोंबिवलीहून सुटलेल्या सकाळच्या गाडीत, शेजाऱ्याच्या वर्तमानपत्रात डोकावून, आम्ही त्या बातम्या वाचीत असू. ७२ मीटरांचा पंखविस्तार, सुमारे २,३०० किलो वजन, १७,२४८ सौरघट आणि आत एकच माणूस. बर्ट्रांड पिकार आणि आंद्रे बोर्शबर्ग हे दोघे स्विस वैमानिक आळीपाळीने ते चालवीत. २६ जुलै २०१६ रोजी प्रदक्षिणा पुरी झाली तेव्हा हिशेब निघाला तो सुमारे ४३ हजार किलोमीटर आणि ५५८ तासांचा. म्हणजे ताशी सरासरी ७७ किलोमीटर. रूळ मोकळा मिळाला तर आमची जलद लोकलही या वेगाला हार जाणार नाही.

खरे नवल वेगाचे नव्हे, रात्रीचे. दिवसा साडेआठ हजार मीटरांच्या आसपास चढायचे आणि तोवर बॅटऱ्या भरून घ्यायच्या. ऊन गेले की मोटारींची शक्ती कमी करून ती उंची सावकाश खर्चत सुमारे दीड हजार मीटरांपर्यंत उतरायचे. मग उरलेली रात्र बॅटरीवर काढायची, उजाडेपर्यंत. उंची हीच तिथली शिल्लक. महिनाअखेरीचे दिवस ज्या घरांनी मोजून काढले आहेत त्यांना हे गणित समजावून द्यावे लागत नाही. त्यासाठी आपल्याकडे घरगुती शब्दही आहे: 'पुरवून वापरणे'. भरारीच्या वर्णनात तो कधी येत नाही, इतकेच.

आकाश आणि सूर्य म्हटले की आपले अभ्यासक ग्रीकांच्या इकारसकडे धाव घेतात. आम्हांला संपाती अधिक जवळचा वाटतो. वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात त्याची कथा येते. जटायू आणि संपाती हे भाऊ सूर्याकडे झेपावले. धाकटा होरपळू लागला तेव्हा थोरल्याने त्याच्यावर पंख धरले आणि स्वतःचे जाळून घेतले. विंध्यावर पडलेल्या संपातीला 'वाट पाहा' असे सांगणाऱ्या ऋषीचे नाव निशाकर. रात्र घडविणारा चंद्र! पुढे सीतेचा शोध घेणाऱ्या वानरांना त्याने लंकेची वाट सांगितली आणि त्याला नवे पंख फुटले.

या विमानाचेही पंख एकदा पोळलेच. नागोयाहून हवाईपर्यंत बोर्शबर्ग सलग ११७ तास ५२ मिनिटे एकटे उडाले. झोप घ्यायची तीही सुमारे वीस मिनिटांच्या तुकड्यांनी. ३ जुलै २०१५ रोजी ते उतरले तेव्हा बॅटऱ्या अतितापाने निकामी झाल्या होत्या. थंडीपासून राखण्यासाठी त्यांना घातलेले आवरणच अधिक झाले होते. विमान नऊ महिन्यांहून अधिक काळ जमिनीवर राहिले आणि २१ एप्रिल २०१६ रोजी पुन्हा निघाले.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो आमच्या गावचा आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी धावत्या लोकलमधून पडले. त्यांतील काहींचे प्राण गेले. ज्या विद्येने एका माणसाला इंधनाच्या थेंबाशिवाय पृथ्वीभोवती नेले, तिचे या दाराशी काय नाते? 'काही नाही' असे उत्तर देणे सोपे आहे, आणि विमानापुरते ते खरेही आहे. अशा विमानातून कल्याण-डोंबिवलीची गर्दी कधी जाणार नाही. पिकार आणि बोर्शबर्ग यांनीही प्रवासी वाहण्याचा दावा केला नव्हता. थोड्या शक्तीत किती भागते हे दाखविणे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

पण हे दाखविणे कोणासाठी, हा प्रश्न संपातीची कथा आम्हांला विचारावयास लावते. सूर्यापर्यंत पोचण्याच्या हौसेत त्याचे पंख गेले. ते परत आले ते दुसऱ्यांच्या शोधाला वाट दाखविल्यावर. मधला सारा काळ तो डोंगरावर निव्वळ थांबून होता, आणि त्या थांबण्यालाही कथेने मान दिला आहे. वर्गात विज्ञानविषयक ललित लेखन शिकविताना हा निकष हाती ठेवावा असे आम्हांला वाटते. कोण किती उंच गेला हे लिहून झाल्यावर, रात्र कशी पुरविली आणि खाली उभ्या असलेल्यांना त्यातून कोणती वाट दिसली, हेही लेखकाला विचारावे. मुंब्र्याच्या वळणावर दाराची दांडी घट्ट धरून उभे असलेल्यांचाही त्या उत्तरावर हक्क आहे.