खाडीच्या पाण्याची परीक्षा

कला शाखेच्या मुलांनाही पर्यावरणाचा प्रकल्प करावाच लागतो, आणि तो कसा होतो हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. वरच्या वर्गातल्या कुणाची तरी फाईल मागून आणायची, पहिले पान बदलायचे आणि 'वृक्षारोपणाचे महत्त्व' पुन्हा एकदा सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचे. यंदा आमच्या भूगोलाच्या सरांनी हा रिवाज मोडला. "निम्मा वर्ग खाडीकाठचा आहे. खाडीचे पाणी तपासा," असे म्हणून ते मोकळे झाले. मी मराठीची विद्यार्थिनी. दहावीनंतर परीक्षानळीला हात लावलेला नव्हता.

घरी सांगितले तेव्हा आई हसायलाच लागली. "पाण्याची कसली गो परीक्षा? तां काय कॉलेजात जाता?"

आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारी मीच पहिली. बाबा ट्रॉलरवर खलाशी आहेत. आई चौथी शिकलेली. मालवणच्या किनारपट्टीवरची आमची एक लहानशी खाडी. सुकती लागली की आई तिथे चिखलात उतरते, तिसऱ्या आणि कालवे काढते आणि बाजारात वाटे लावून विकते. माझी फी आणि एसटीचा पास त्या वाट्यांतून निघतो. तेव्हा पाण्याची परीक्षा सुरू झाली ती आमच्या चुलीच्या इतक्या जवळ, की फाईल मागून आणण्याचा मोह मला झालाच नाही.

सुरुवातीची साधने अगदी घरगुती होती. एका जुन्या ताटलीला पांढरा रंग दिला, खाली वजन बांधले, दोरीला अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी मारल्या. होडीतून ताटली पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. पाणी किती स्वच्छ, म्हणजे उजेड किती खोल जातो, ते यावरून कळते. ही युक्ती अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने १८६५ साली भूमध्य समुद्रात वापरली. गृहस्थ मूळचा खगोलशास्त्रज्ञ! आकाशाकडे पाहणाऱ्याने पाण्यात ताटली सोडावी, तर मराठीवाल्यांनी का सोडू नये, असे आम्ही एकमेकांना बजावून घेतले.

खारटपणा मोजताना मात्र गंमत वाटली. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात, हे पुस्तकातले वाक्य. पण खाडी पुस्तकाला जुमानत नाही. मे महिन्यात ती समुद्राइतकी खारट असते, आणि आषाढात नदी फुगली की तेच पाणी जवळजवळ गोडे होते. भरतीला एक आकडा, सुकतीला दुसरा. म्हणून तारखेबरोबर भरती-सुकतीची वेळ लिहिल्याशिवाय सर वही तपासतच नसत.

पण मला खरे वेड लावले ते पाण्यातल्या प्राणवायूने. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या मॅडम आम्हांला ही रीत शिकवायला आल्या. लायोश विंकलर या हंगेरियन शास्त्रज्ञाने ती १८८८ साली प्रसिद्ध केली. काचेची बाटली पाण्याखाली अशी भरायची की आत एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण बुडबुडा म्हणजे बाहेरची हवा. मग नळीने तळाशी मँगनीज सल्फेट सोडायचे, मागोमाग अल्कधर्मी आयोडाइड. बूच लावून बाटली उलटसुलट केली की आत तपकिरी साका धरतो. प्राणवायू मुळीच नसेल तर साका पांढराच राहतो. त्यावर सल्फ्युरिक आम्ल (ते मॅडम स्वतःच घालत, आमच्या हाती देत नसत). साका विरघळतो आणि पाणी चहासारखे पिवळसर होते. पुढे थायोसल्फेटचा थेंब थेंब. रंग गवताच्या काडीइतका फिका झाला की थोडी स्टार्चची खळ घालायची. सगळे एकदम गडद निळे होते. पुन्हा थेंब थेंब, आणि एका थेंबाला ते निळे पाणी अचानक पाण्यासारखे पाणी होते. तो थेंब येईपर्यंत आमच्यापैकी कुणी श्वास घेत नसे. द्रावणाचे प्रमाण असे बेतलेले असते, की दोनशे मिलिलिटर पाण्याला जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागले तितके मिलिग्रॅम प्राणवायू एका लिटरात.

एकाच जागी आम्ही दोनदा पाणी घेतले. दुपारी दोन वाजता आकडा सहाच्या वर गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडण्यापूर्वी, तो चारच्या खाली होता. कारण सरळ आहे: दिवसा पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती प्राणवायू सोडतात, रात्री सूर्य नसतो, पण श्वास सगळेच घेत असतात, वनस्पती, मासे, चिखलातले जंतू, सगळे. जिथे कुजण्यासारखा माल जास्त, तिथे पहाट जास्त वाईट. दुपारी अकराला गाडीतून उतरून पाणी तपासणाऱ्याला आमची खाडी नेहमी निरोगीच दिसेल.

हे मी मोठ्या उत्साहाने आईला सांगितले. ती तिसऱ्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चिखल काळो झालो आणि वास मारूक लागलो की थय तिसऱ्यो रवनत नाय. ह्या कळाक बाटली कित्याक होयी?" बाबांनीही भर घातली, की पावसाच्या अखेरीला समुद्रात "तळाक पाणी कुसता." गोव्यात दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २००० साली जे प्रसिद्ध केले ते याच्याच जवळचे आहे: पावसाळ्यात खोल समुद्रातले प्राणवायू कमी असलेले पाणी पश्चिम किनाऱ्याकडे वर सरकते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास किनाऱ्याजवळच्या उथळ तळाशीही प्राणवायू उरत नाही. हे मी वाचून दाखवले तेव्हा बाबा फक्त "मगे!" एवढेच म्हणाले. पण त्या 'मगे'त पीएच. डी. मिळाल्याचा थाट होता.

मात्र आईच्या नाकाला न कळणारी एक गोष्ट आहे, आणि तिथेच सगळे अडले.

बाजाराच्या मागून एक नाला खाडीला येऊन मिळतो. त्याच्या तोंडाशी तिसऱ्या भरपूर. जागा घरापासून जवळ, पाणी गुडघाभर, टोपली लवकर भरते. तिसरी आणि कालव पाणी गाळून जगतात; पाण्यातले बारीक अन्न पोटात घेतात आणि त्याबरोबर जे काही आले असेल तेही. नाल्यातून मैला येत असेल तर त्याचे जंतू शिंपल्यात साठतात. त्याला ना रंग, ना वास. सरांनी हायड्रोजन सल्फाइडच्या छोट्या बाटल्या आणल्या होत्या. पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला आहे का हे पाहण्यासाठी ही सोपी रीत १९८२ साली आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी पुढे आणली. पाणी भरून उबेत ठेवायचे. काळे झाले तर संशय. नाल्याच्या तोंडाची बाटली दुसऱ्या दिवशी शाईसारखी काळी झाली. माझ्या पोटात गोळा आला. पण सर म्हणाले, "थांबा. खाडीच्या चिखलात हा वायू मुळातच असतो. चिखल आत गेला असेल तर बाटली उगाच काळी होईल. एवढ्यावर कुणाच्या धंद्याला हात लावू नका."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे.

मग बर्फात ठेवलेले नमुने प्रयोगशाळेत गेले. अंघोळीच्या समुद्रपाण्यात शंभर मिलिलिटरमागे मैलाजंतू शंभरच्या आत असावेत, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दंडक आहे. नाल्याच्या तोंडाशी आकडा त्याच्या कितीतरी पट निघाला. वर, कांदळवनाच्या वळणापलीकडे, तो दंडकाच्या आत होता. तो कागद घेऊन मी दोन दिवस हिंडले. घरात काय बोलायचे? चांगले शिजवले तर जंतू मरतात, हे खरे. पण कालवे अर्धीकच्ची खाणारे गिऱ्हाईकही असते, आणि जी बाई दिवसभर त्या पाण्यात उभी राहते, पायाला शिंपल्याने कापून घेते, तिला कोण शिजवणार?

तिसऱ्या दिवशी सांगितले. आईने कागद हातात घेतला, आकड्यांवर बोट फिरवले, आणि विचारले, "वयल्या वळणार किती म्हणालंस?" मी सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या सुकतीला ती वळणापलीकडे गेली. जायला-यायला तासभर जास्त लागतो, आणि सुकती काही कुणासाठी थांबत नाही. टोपली पाऊण भरते. उरलेल्या पाव टोपलीचा हिशेब आमच्या घरात रोज होतो. बाकीच्या बायका अजून नाल्यापाशीच उतरतात. त्यांच्याकडे एसटीच्या पासाचे नाही, तर औषधाचे पैसे भागवायचे असतात. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून आम्ही चौघी कागद घेऊन ग्रामसभेला गेलो. मी आकडे वाचले. एकाने विचारले, "तुझो विषय कोणतो गो?" मी म्हटले, मराठी. हशा पिकला. नंतर मागे बसलेली एक म्हातारी तिसरेवाली उठून म्हणाली, "मराठीत सांगल्यान म्हणान तर आमका कळला." नाल्याच्या तोंडाशी शोषखड्डे आणि गाळणी यांचा विषय पुढच्या सभेत घ्यायचा, असे इतिवृत्तात लिहिले गेले. ती सभा अजून व्हायची आहे.

तोवर दर पंधरवड्याला, एकदा उधाणाच्या आणि एकदा भांगाच्या पाण्यात, आम्ही मोजतो. प्रकल्पाचे गुण केव्हाच मिळाले. वही चालू आहे. प्रथम वर्षाच्या कुणाला यायचे असेल तर पहाटे साडेचारला बंदरावर यावे. चप्पल पट्ट्याची असावी, चिखल साधी चप्पल परत देत नाही. आईही आता निघताना विचारते, "आज किती होता गो?" आणि मी आकडा सांगितला की तो घेऊन ती बाजारात जाते.