अर्जाचे वर्ष

वैद्यकीय प्रवेशासाठी अर्ज नेमका कोणत्या वर्षी करावा, हा प्रश्न वरवर वैयक्तिक वाटत असला, तरी अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर त्याचे उत्तर घरची ऐपत आणि कागदपत्रे यांवर बरेचसे ठरते. नीट, म्हणजे एमबीबीएससाठी देशभर होणारी 720 गुणांची सामाईक परीक्षा, देण्यास प्रवेशवर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. कमाल वयाची अट उरलेली नाही, मात्र एका वर्षाचे गुण पुढल्या वर्षी चालत नाहीत. म्हणूनच ‘ड्रॉप’, म्हणजे बारावीनंतर अन्यत्र प्रवेश न घेता वर्षभर हीच तयारी करणे, मासेमारीवर किंवा नारळ-सुपारीच्या वाडीवर चालणाऱ्या घराला जड जाते, कारण पनवेलला वा मुंबईला राहण्याचा खर्च क्लासच्या फीइतकाच बोचतो.

2021-22 पासून अलिबागला 100 जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही सोय खरीच. पण त्यातील 85 टक्के जागा राज्याच्या आणि उरलेल्या देशाच्या गुणवत्ता यादीतून भरल्या जात असल्याने, जवळ राहणाऱ्याला जवळची जागा मिळेलच असे नाही.

याहून दुर्लक्षित राहते ते राखीव जागेसाठी लागणारे जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला पडताळणी समितीने खरा ठरवल्याचा कागद. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरील ‘कोळी’ किंवा ‘आगरी’ ही पुसट नोंद शोधण्यातच महिने जातात; तेव्हा परीक्षेचे वर्ष कोणतेही ठरो, हा अर्ज अकरावीतच करणे शहाणपणाचे, आणि नेमका तोच निकालानंतर धावपळीत केला जातो.