चेंज ते मर्जर, व्हाया श्रीरामपूर

गावाचं नाव एक आणि स्टेशनच्या पाटीवर दुसरंच! मी श्रीरामपूरचा. लहानपणापासून दौंड-मनमाड लाइनवरचं आमचं स्टेशन म्हणजे बेलापूर. कॉलेजात नवी मुंबईचा रूममेट खूश, "अरे, तू तर आमच्या शेजारचा!" दोन नावं एकाच वेळी सांभाळायची सवय पुढे पोटापाण्याला लागेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

सहा वर्षं पुण्यात चेंज मॅनेजमेंट कन्सल्टिंग केलं. कंपनीत नवं सॉफ्टवेअर आलं, नवी रचना आली, की आमचं वर्कशॉप. जॉन कॉटरच्या आठ पायऱ्या, स्लाइड्स आणि मधल्या सुट्टीत समोसे. बदल 'का' हवा, ते लोकांना पटवायचं. मग मर्जर इंटिग्रेशनची ऑफर आली. पगार भारी, पण माझी झोप उडाली. कारण आमच्या घरानं एक विलीनीकरण पाहिलेलं होतं.

बाबा बँकेत होते आणि त्यांची बँक मोठ्या बँकेत गेली. महाराष्ट्राला हे नवं नाही. २००६मध्ये साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये गेली, २००७मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये. पेपरात शाखा किती, ठेवी किती हे छापून येतं. आमच्या घरी मात्र रोज एकच विषय, ज्येष्ठता यादी कशी लागणार?

दिवाळीत घरी गेलो आणि घाबरतच बाबांना ऑफरचं सांगितलं.

"म्हणजे तू त्या बाजूला जाणार," एवढंच म्हणाले. चहा संपेपर्यंत गप्प. मग म्हणाले, "आम्हाला भाषणं खूप झाली. गुलाबाची फुलंही मिळाली. पण सोमवारी कुठल्या टेबलावर बसायचं, रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा, हे तीन महिने कुणी सांगितलं नाही. तेवढं सांगत जा लोकांना."

मी ऑफर घेतली.

इथे सगळं 'डे वन'भोवती फिरतं. त्या दिवसापासून पगार कुठल्या सिस्टिममधून निघणार? ग्रेड कोणती? बिलावर नाव कुणाचं? आणि डे वन ही फक्त सुरुवात, बरं का! विजया आणि देना बँक १ एप्रिल २०१९ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, पण त्यांचे जुने आयएफएससी कोड बंद झाले १ मार्च २०२१पासून. लग्न एका दिवसात लागलं तरी संसार लागायला वेळ जातोच.

माझ्या पहिल्याच कामात दोन कंपन्यांचे अकाउंट्स विभाग एक व्हायचे होते. माणसं अकरा, जागा आठ. ती यादी दहा दिवस माझ्या लॅपटॉपवर होती आणि कँटीनमध्ये मी त्याच लोकांसोबत जेवत होतो. क्लायंटचं म्हणणं, डे वननंतर सांगू. मी अडून बसलो, आधी सांगू आणि समोर बसून सांगू. खूप वादावादीनंतर ते तयार झाले. तिघांपैकी एकाला दुसऱ्या विभागात जागा मिळाली, दोघं गेले. त्यातल्या एकानं माझा हात हातात घेतला नाही. त्याचं काही चुकलं, असं मला वाटत नाही.

तुम्हीही अशी उडी मारणार असाल तर एक सांगतो. जुन्या कामातलं 'का' विसरू नका. पण इथे लोक आधी विचारतात, 'माझं काय?' त्याचं खरं उत्तर खिशात नसेल, तर स्लाइड उघडूच नका.

रात्री घरी फोन केला.

"वेळेवर सांगितलंस ना?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग ठीक," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.