पान पालथे करून पाहा

गेल्या डिसेंबरात मारेगाव तालुक्यातील एका कोलामपोडाजवळ आमचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर होते. टेकडीवर समतल चर खणायचे आणि त्याआधी झुडपे तोडायची, हे काम आमच्या गटाकडे आले. माझ्या हाती कोयता होता आणि माझ्या लेखी सारी झुडपे सारखीच होती.

पहिला घाव घातला तोच मागून आवाज आला, "थांब ना रे बाबू! धायटी होय ते."

डोक्यावर मोळी घेतलेली एक आजी उभी होती. मोळी उतरवून ती म्हणाली, "पान पालथं करून पाह्य."

मी पाहिले. भाल्याच्या पात्यासारखी, जवळजवळ बिनदेठाची पाने फांदीवर समोरासमोर बसलेली. वरून हिरवी, खालून करडी; आणि त्या करड्या अंगावर बारीक काळे ठिपके. फांद्या लांब, गोल, खाली झुकलेल्या. मग तिने शेजारच्या रायमुनियाची फांदी दाखवली. ती चौकोनी, काटेरी. पाने खरखरीत, करवतीच्या कडांची, चुरगाळली की उग्र वास येणारी. रायमुनिया म्हणजे घाणेरी. मूळची अमेरिकेतली, बागेच्या शोभेसाठी आपल्याकडे आणलेली.

"तोडाचं तं हे तोड," आजी म्हणाली.

धायटी हे नाव ऐकून मी मनातून शरमलो होतो. उन्हाळ्याच्या तोंडी माझी आई रानातून धायटीची फुले आणते, वाळवून व्यापाऱ्याला विकते. आसवे-अरिष्टे आंबवण्यासाठी ही फुले लागतात. त्यांचा तांबडा रंगही होतो. माझी बारावीची फी त्याच पैशांतून भरली गेली. मी मात्र धायटी पाहिली ती पोत्यातली, वाळलेली. आईबरोबर रानात कधी गेलोच नव्हतो.

मार्चमध्ये गेलो. पाने बरीच झडली होती आणि फांद्यांवर तांबड्या नळ्यांचे झुबके लागले होते. जवळून पाहिले तेव्हा कळले, तो तांबडेपणा पाकळ्यांचा नव्हे, पुष्पकोशाचा; पाकळ्या अगदी चिमुकल्या असतात. एक उरलेले पान मी पालथे करून आईला ठिपके दाखवले.

"हे तुले कोनं शिकवलं?" तिने विचारले.

मी आजीची हकीकत सांगितली. कोयत्याचा घावही लपवला नाही. आई काही बोलली नाही. तिने दुसरी पिशवी माझ्या हातात दिली.