अर्थ शेवटी लावायचा

भाषांतर चुकलं तर त्याची शिक्षा सहसा भाषांतरकारालाच होते. मूळ भाषा जाणणारा एखादा वाचक पत्र लिहितो, आपण ओशाळतो आणि दुसऱ्या आवृत्तीत शब्द बदलतो. कथा-कादंबऱ्यांच्या कामात मला या हिशेबाची सवय झाली होती. मागच्या ऑगस्टमध्ये रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात तो हिशेब मोडला.

मच्छीमारांसाठीची एक सुरक्षा-पुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. लाइफ जॅकेट, आग, वायरलेस आणि एक पान बंद पडलेलं इंजिन दुसऱ्या बोटीच्या बॅटऱ्यांवर सुरू करण्याबद्दल. खर्डा बोटीवरच्या माणसांना एकदा वाचून दाखवावा असं वाटलं, म्हणून गेले.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. दोन महिने उभ्या असलेल्या बोटीच्या बॅटऱ्या नुसत्या बसून उतरतात, आणि खाऱ्या हवेनं टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड चढते. मी बसले होते त्या बोटीची किल्ली फिरवली, तर इंजिनातून फक्त ‘टक्’ असा आवाज आला. ड्रायव्हरकाकांनी, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्यांनी, आधी टर्मिनलं गरम पाण्यानं धुतली, तारेच्या ब्रशनं घासली. “पुष्कळदा बॅटरी गेलेली नसतेच, ताई. नुसता मळ असतो.” पुन्हा टक्. मग मीटर लावला. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६च्या आसपास दाखवते. इथे दोन्हींवर साडेअकराच्या खाली. शेजारी खेटून बांधलेल्या बोटीकडून वीज घ्यायचं ठरलं.

“काढा तुमचा कागद,” काका म्हणाले. “वाचा. तुम्ही वाचाल तसा हा लावेल.”

‘हा’ म्हणजे तरुण खलाशी. नेपाळचा, रत्नागिरीच्या बोटींवर असे पुष्कळ आहेत. मराठी कामापुरती, हिंदी चांगली. मी वाचायला लागले आणि पहिल्याच ओळीत अडले. ‘एकसर जोडणी’ असं मी लिहिलं होतं. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातला शब्द, आणि माझ्या आवडीचा, कारण त्यात मोत्यांची सर दिसते. खलाशानं काकांकडे पाहिलं. “सिरीज,” काका म्हणाले. “अच्छा, सिरीज,” तो म्हणाला. माझी सर तिथेच तुटली.

शब्द अडला तर हसून सोडून द्यावं असं ते ठिकाण नव्हतं. या बोटीचा स्टार्टर चोवीस व्होल्टचा. बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेला. त्याच दोन पॅरललमध्ये, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडल्या तर दम दुप्पट होतो, व्होल्ट बाराच राहतात. मदतीला येणारी जोडीही चोवीसचीच हवी, आणि चिमटे लावायचे ते जोडीच्या दोन मोकळ्या टोकांचा विचार करून. मधल्या दुव्याला हात लावायचा नाही. चोवीसचा दाब चुकून एकट्या बाराच्या बॅटरीवर आला तर ती उकळते, फुटूही शकते, आणि आत सल्फ्युरिक ॲसिड असतं.

पुढचं सुरळीत गेलं. लाल वायरचा एक चिमटा आमच्या मोकळ्या प्लसला, दुसरा शेजारच्यांच्या. काळ्या वायरचा एक चिमटा शेजारच्यांच्या मोकळ्या मायनसला. बोटी लाटेवर हलत होत्या, म्हणून काकांनी वायरींना भरपूर ढील दिली. मग मी शेवटची ओळ वाचली : “काळ्या वायरचा दुसरा चिमटा इंजिनाच्या उघड्या धातूला लावावा.”

खलाशी वाकला आणि सर्वांत जवळच्या धातूकडे त्यानं चिमटा नेला. इंजिनाला बोल्टनं कसलेली एक पट्टी, बॅटरीच्या पेटीच्या अगदी वर. माझ्या वाक्याप्रमाणे ती बरोबरच होती. काकांनी त्याचं मनगट धरलं.

“अर्थ लांब लाव रे. लांब!”

त्यानं तो पार पलीकडे, ब्लॉकच्या मागच्या कोपऱ्यावर लावला. चट् झालं. छोटीशी निळी ठिणगी उडाली आणि विझली. तिथे तेवढंच झालं. पण बॅटरीतून हायड्रोजन निघतो, इंजिनघर कोंदट, आणि त्या पट्टीपासून बॅटरीची झाकणं वीतभर अंतरावर होती. वर मुलाचा चेहरा. डिझेलच्या इंजिनाला पेट घ्यायला ठिणगी लागत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं तेल पेटतं. त्या सगळ्या खटाटोपात ठिणगी होती ती आम्हीच पाडलेली.

“लांब का, ते मूळात नाही?” काकांनी विचारलं.

होतं. ‘बॅटरीपासून दूर’ असे शब्द मूळ वाक्यात होते. मला आठवलं, मी ते का गाळले. वाक्य लांबत होतं. इंजिन म्हटलं की बॅटरी नाही, हे उघडच आहे, असं मला वाटलं. कादंबरीत अशी छाटणी मी अनेकदा केली आहे, आणि भाषा सुटसुटीत असल्याबद्दल शाबासकीही मिळवली आहे.

शेजारचं इंजिन चालू ठेवून पाचेक मिनिटं थांबलो. मग किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, काळा धूर टाकला आणि धरलं. चिमटे उलट्या क्रमानं सुटले, अर्थ सर्वांत आधी.

“लिहून घ्या,” काका म्हणाले. “अर्थ शेवटी लावायचा, काढताना पहिला काढायचा. आणि लांब.”

मी शब्दशः लिहून घेतलं. ‘अर्थ लावणे’ हा माझ्या धंद्यातला शब्द त्यांच्याकडून असा ऐकताना हसू आलं नाही. खलाशी कॅन घेऊन पाण्याला निघून गेला होता. त्याला काय टळलं ते कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

परत येऊन पान पुन्हा लिहिलं. सिरीज, पॅरलल, अर्थ. शेवटची ओळ अशी झाली : “शेवटचा चिमटा इंजिनाच्या ब्लॉकला लावा, बॅटरीपासून लांब. हाताला पोचेल तितका लांब.” पुस्तिकेच्या संपादकांनी दुसऱ्या ‘लांब’खाली पेन्सिलीनं रेघ ओढून ‘द्विरुक्ती?’ असं विचारलं.

राहू द्या, असं मी कळवलं.